दत्तूआप्पांचं भिंग

"तुम्ही नेमकं काय काम करता हो?" असं लग्नकार्यात कुणी विचारलं की मी आधी पाण्याचा घोट घ्यायची. सॉफ्टवेअर बसवते म्हणावं, तर समोरच्या बाईच्या डोळ्यांसमोर पाना-पक्कड उभी राहायची. कॉम्प्युटर शिकवते म्हणावं, तर ती आपल्या लेकाला क्लासला घालायचं म्हणून लगेच फी विचारायची. खरं उत्तर असं, की कोल्हापुरातल्या दुकानांत, कारखान्यांत आणि दवाखान्यांत जाऊन मी माणसांना एक बटण दाबायला शिकवलं. नोकरीत बाकीची कामंही पुष्कळ होती. पण आता निवृत्त होऊन घरात बसल्यावर आठवतं ते हे बटणच, आणि त्याचं नवल अजून सरलेलं नाही.

आधी ते बटण काय ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कॉम्प्युटरवर बिल करायचं तर पडद्यावरचे चौकोन भरावे लागतात. एकात गिऱ्हाइकाचं नाव, दुसऱ्यात माल, तिसऱ्यात गाव. या चौकोनांना आम्ही फील्ड म्हणायचो. त्यांत मनाला येईल ते टाइप करून चालत नाही. एकाच माणसाला आज 'बाळू पाटील' लिहिलं, उद्या 'बी. डी. पाटील' लिहिलं आणि परवा 'बाळूमामा' लिहिलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन माणसं होतात. म्हणून प्रत्येकाला एक कोड द्यायचा आणि चौकोनात तोच टाकायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, काळ्या पडद्याच्या जमान्यात, हे कोड माणसाला तोंडपाठ असावे लागत. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर दिवाणजींनी सगळे कोड एका पुठ्ठ्यावर लिहून तो गणपतीच्या फोटोशेजारी टांगला होता. रोज सकाळी गणपतीबरोबर पुठ्ठ्यालाही उदबत्ती ओवाळली जायची. मी हसले तर दिवाणजी म्हणाले, "हसू नगासा म्याडम. गणपती रुसला तर समजूत काढता येती. पुठ्ठा हारवला तर दुकानाला कुलूप."

मग रंगीत पडदे आले, माउस आला आणि चौकोनाच्या उजव्या कडेला एक बारकं बटण येऊन बसलं. त्याच्यावर भिंगाचं चित्र. ते दाबलं की एक खिडकी उघडते आणि तुमच्याकडे जे जे म्हणून आहे ते सगळं नावानिशी रांगेत उभं राहतं. हवं त्या नावावर बाण नेऊन दाबायचं. खिडकी मिटते, चौकोन भरतो. झालं काम. आज शेंबडं पोरगंसुद्धा मोबाइलवर हे करतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटलं होतं. राजारामपुरीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आमचं ऑफिस, तिथं आमच्या प्रोग्रॅमरनं ते बटण पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी जेवणाची सुट्टी घालवून नुसती ते दाबत बसले होते. तो म्हणाला, "खराब होईल हो." मला ते खरंच वाटलं आणि मी हात काढून घेतला.

पुढं कळलं, की असं वेड लागणारी मी एकटी नव्हे. लक्ष्मीपुरीत किराण्याचे एक घाऊक व्यापारी होते, शिवलिंगअण्णा. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, आणि हमालांवर चिडले की दोन्ही. मी त्यांना भिंग दाबून दाखवलं. जिरं, ज्वारी, तूरडाळ, धणे, सगळं गोदाम पडद्यावर उतरलं. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आत्ता!" म्हणाले, "समदं गोडाऊन ह्यात हाय की वो!" मग आतून सुनेला बोलावलं, शेजारच्या दुकानदाराला बोलावलं, दारात आलेल्या गिऱ्हाइकांनाही आत घेतलं. "बघा, जिरं बघा. आता हळद बघा." प्रत्येकासाठी नव्यानं बटण दाबायचं. मी म्हटलं, "अण्णा, आता एखादं बिल करून बघू या का?"

"बिल ऱ्हाऊ द्या वो. उभा जलम धंदा केला, पर समदा माल एका जागी कधी बघाय गावला न्हवता. जरा बघू द्या की."

त्या दिवशी बिल झालंच नाही. मी मोपेडला किक मारून ऑफिसात परत आले आणि साहेबांना सांगितलं, ट्रेनिंग उत्तम झालं.

बटणाचे तोटेही होते. यादी उघडली की पहिल्या नावावर निळी पट्टी असते. घाईतला माणूस बघत नाही, नुसतं एंटर दाबतो आणि पहिलं नाव चौकोनात जाऊन बसतं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटचा तालुका भरायचा चौकोन होता. इंग्रजी अक्षरांप्रमाणे आपल्या जिल्ह्यात पहिला तालुका आजरा. काउंटरवरच्या मुलीला सकाळच्या गर्दीत कुठली उसंत? आला पेशंट, मार एंटर. आला पेशंट, मार एंटर. कागलचा असो, शाहूवाडीचा असो, सगळे आजऱ्याचे. काही महिन्यांनी डॉक्टरांनी तालुकावार आकडे काढले आणि हरखून गेले. आजऱ्यात आपलं एवढं नाव आहे हे त्यांना माहीतच नव्हतं! लगोलग तिथं खोली भाड्यानं घेतली, बोर्ड लावला आणि रविवारी गाडी काढून बसायला लागले. पेशंट येईनात. घरमालकाची तेवढी पाठ दुखायची, तो फुकट दाखवून जायचा. शेवटी डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "कॉम्प्युटर खोटं बोलू शकतो का हो?" मी म्हटलं, "नाही सर, पण घाईत असतो." त्यानंतर आमच्या सगळ्या याद्यांत पहिली ओळ कोरी ठेवायची असं ठरलं.

कुठंही गेलं तरी माझं एक ठरलेलं वाक्य असायचं. "आता काही आठवायचं कारण नाही. फक्त ओळखायचं." विक्रीसाठी तयार केलेलं वाक्य ते. मी ते इतक्यांदा म्हटलं की त्यात काही अर्थ आहे हेच विसरून गेले होते. तो अर्थ मला दत्तूआप्पांनी दाखवला.

स्टेशन रोडला ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं एक जुनं दुकान होतं. मालक भूपालअण्णा, शिरोळकडचे जैन, शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. पण दुकान चालायचं ते काउंटरवरच्या दत्तूआप्पांवर. बारकी अंगकाठी, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की बोलले तर रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यानं वळून बघावं. गिऱ्हाईक यायचं आणि सांगायचं, "इंजन खोकतंय, आन् निळा धूर मारतंय." दत्तूआप्पा मागं न बघता हात लांबवून रिंगांचा डबा काढायचे. "पिष्टनच्या रिंगा गेल्यात. काळा मारतंय म्हणाला असतास तर नोझल दिलं असतं. जा."

त्या दुकानात सॉफ्टवेअर बसवायला मी गेले तेव्हा दत्तूआप्पांनी हाताची घडी घालून सगळं बघितलं. मी भिंग दाबलं, नोझल, प्लंजर, रॉकर, गॅस्केट अशी यादी उघडली आणि माझं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "झ्याक हाय. ज्येला आठवत न्हाय त्येनं दाबावं."

आणि त्यांनी ते कधी दाबलं नाही. बिलं दुसरा माणूस करायचा. दत्तूआप्पा काउंटरवरूनच भागाचं नाव ओरडून सांगायचे. देखभालीसाठी मी महिन्याला जायची, तेव्हा मला बघून मुद्दाम विचारायचे, "काय म्याडम, तुमचं भिंग बरं हाय न्हवं? चष्मा तरी लागला न्हाय त्येला?" मी चिडायची आणि मग त्यांच्याच घरी जेवायला जायची. शिवाजी पेठेत दोन खोल्यांचं घर, दारात म्हैस, आणि चुलीपाशी मावशी. मावशी म्हणजे त्यांची बायको. त्यांच्या हातचा तांबडा रस्सा खाऊन मी डोळे पुसत असले की त्या माझ्या वाटीत आणखी ओतायच्या. दत्तूआप्पा त्यांना "ऐकलंस का" म्हणून हाक मारायचे. ती हाकसुद्धा अशी मोठी, की गल्लीतल्या निम्म्या बायका ऐकायच्या.

एका सकाळी अंघोळ करताना दत्तूआप्पा कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा काठी टेकत चार पावलं चालायला लागले होते, पण बोलणं गेलं होतं. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. एकच शब्द कसा कोण जाणे मागं राहिला होता. "व्हय की." चहा घेणार? व्हय की. डोकं दुखतंय? व्हय की. मान नाही म्हणून हलायची आणि तोंडातून यायचं "व्हय की." स्वतःच्या कानांनी ते ऐकून त्यांचा चेहरा असा व्हायचा, की समोरच्यानं दुसरीकडं बघावं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. उद्या सापडतील, परवा सापडतील, किंवा सापडणारही नाहीत.

ते भिंतीकडं तोंड करून झोपून राहायला लागले. मावशी दुकानात येऊन भूपालअण्णांना म्हणाल्या, "कामाला ठेवा आसं म्हणत न्हाय. नुसतं बसाय येऊ द्या. घरात माणूस मराय लागलंय." अण्णांनी दुसऱ्या दिवशी रिक्षा पाठवली आणि काउंटरमागचं स्टूल होतं तिथंच ठेवलं.

योगानं त्याच आठवड्यात माझी फेरी होती. दत्तूआप्पा स्टुलावर, उजवा हात मांडीवर निपचित. मावशी बाहेर पायरीवर बसलेल्या. एक शेतकरी पिशवीतून मोडका भाग घेऊन आला. नवा काउंटरवाला तो उलटापालटा करून बघत होता, त्याला काही उमगेना. दत्तूआप्पांनी डावा हात पुढं केला. भाग हातात घेतला, अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना कळलं आहे. तोंड उघडलं. "व्हय की." परत. "व्हय की. व्हय की." कपाळावरची शीर फुगली. शेतकरी बिचारा घाबरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आप्पा, नगं." दत्तूआप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी काही विचार केला असं म्हणणार नाही. हात सवयीनं गेला. मी पडदा त्यांच्याकडं वळवला आणि मालाच्या चौकोनाशेजारचं भिंग दाबलं. खिडकी उघडली. मी यादी हळूहळू खाली सरकवायला लागले. ते बघत होते. डोळे ओळीओळीवरून उतरत होते. मग एकदम डाव्या हाताचं बोट पुढं आलं आणि काचेवर टेकलं. गव्हर्नरची स्प्रिंग, एका जुन्या मॉडेलची. दुकानातला पोऱ्या माळ्यावर चढला, डबा घेऊन आला, स्प्रिंग काढून मोडक्या तुकड्याशी लावून बघितली. तीच.

भूपालअण्णांनी चष्मा काढून पुसला. आठवणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी एवढी वर्षं गल्लोगल्ली सांगत फिरले होते. पण एका माणसाची पहिली वाट बंद झाली असताना दुसरी पूर्ण उघडी असते, आणि त्या वाटेवरचं दार म्हणजे आमच्या प्रोग्रॅमरनं कंटाळत काढलेलं ते भिंगाचं चित्र असतं, हे मला कुठं ठाऊक होतं? गिऱ्हाईक स्प्रिंग घेऊन गेलं. दत्तूआप्पांनी डाव्या हातानं माउस स्वतःकडं ओढला आणि पुन्हा भिंग दाबलं. कुणी काही मागितलं नव्हतं. ते नुसते एकेका नावावर थांबत होते, मान हलवत होते आणि पुढं जात होते. आपलं सगळं जागच्या जागी आहे का ते बघत होते.

त्या दिवसापासून ते रोज दुकानात यायला लागले. मी माउसची बटणं डाव्या हाताला जमतील अशी उलटी करून दिली. काउंटरवरची कामं बऱ्यापैकी चालायला लागली. पण संध्याकाळी रिक्षा घरापाशी थांबली की परत तेच. व्हय की, व्हय की, आणि भिंत.

मावशींनीच मला विचारलं. "म्याडम, त्या दुकानातल्या पार्टांवानी आमच्या घरातलं बी घाला की त्यात."

मी प्रोग्रॅमर नव्हे, पण इतकं मला येत होतं. भूपालअण्णांनी दुकानातला जुना कॉम्प्युटर दिला. तो पलंगाशेजारच्या टेबलावर मांडला, आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान सॉफ्टवेअर तयार केलं. एक चौकोन आणि शेजारी एक भिंग. बस. भिंग दाबलं की मराठीतली यादी उघडायची. शब्द निवडला की तो पडदाभर मोठ्या अक्षरांत चौकोनात पडायचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना लांबून दिसेल.

यादी मावशींनी सांगितली. त्या भाकऱ्या थापत होत्या आणि मी टाइप करत होते. दत्तूआप्पा पलंगावर बसून कान देऊन ऐकत होते.

"आदी द्येवाचं घाला. वाडीचा दत्त."

"घातलं. पुढं?"

"च्या. पाणी. ऊन पाणी येगळं आन् गार येगळं घाला. भाकरी. तांबडा रस्सा. मीठ कमी पडलंय. उशी. खिडकी उघडा. खिडकी लावा. गप बसा."

"गप बसा कशाला?"

"अवं, त्येच तर लई बोलायचं! त्ये न्हाय घाटलं तर ह्यास्नी बोलल्यागतच वाटायचं न्हाय."

दत्तूआप्पा हसले. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

मग माणसं. मुलगा दिलीप, सून शुभांगी, नात प्राची. गावाकडचा भाऊ. भूपालअण्णा. "तुमचं बी घाला, म्याडम म्हणून." दारातली म्हैस, चंद्री. मी विचारलं, "कुणी राहिलं का?" मावशींनी पिठाचा हात हवेत धरून मनातल्या मनात घराची एक फेरी मारली. "न्हाय," त्या म्हणाल्या. "समदी आली."

दत्तूआप्पांचा पहिला शब्द होता 'तांबडा रस्सा'. चौकोनात तो उमटला तेव्हा प्राचीनं टाळ्या वाजवल्या आणि मावशी मटण आणायला दिलीपला पिटाळत उठल्या. दिलीप म्हणाला, एवढ्या उशिरा कुठलं मटण मिळणार. दत्तूआप्पांनी शांतपणे भिंग दाबलं, यादी खाली नेली आणि निवडलं, 'गप बसा'. घर हसून हसून लोळलं. मी घरी येताना मोपेडवर एकटीच हसत होते आणि रडतही होते. आमच्या ऑफिसात मोठमोठ्या कारखान्यांची कामं यायची, त्यांचे सत्कार व्हायचे, पेढे वाटले जायचे. पण असं सुख मला त्यातल्या एकाही कामानं दिलं नाही.

ते सुख फार टिकलं नाही. थोड्याच दिवसांत दिलीपचा फोन आला. "म्याडम, मशीन बिघडलंय वाटतं. आप्पा त्येच्यावर चिडाय लागल्यात."

मी गेले. मशीन ठणठणीत होतं. मी दत्तूआप्पांच्या शेजारी बसले आणि ते काय करतात ते बघितलं. भिंग दाबलं. यादी वरून खालपर्यंत नेली. खालून वरपर्यंत आणली. काहीच न निवडता खिडकी बंद केली. परत भिंग. परत खाली, परत वर. आमच्या धंद्यात हे दृश्य ओळखीचं असतं. माणसाला जे हवं ते यादीत नसलं की तो असाच हेलपाटे घालतो.

"काहीतरी राहिलंय," मी म्हटलं. "आप्पा, खायचं काही हवंय?" "व्हय की." मान नाही म्हणाली. "दुखतंय कुठं?" नाही. "माणूस आहे का?" "व्हय की," आणि मान जोरात हो.

मग आम्ही माणसं शोधायला लागलो. शेजारी घातले. तालमीतले दोस्त घातले. सोयरे घातले. दिलीपच्या आठवणीतलं कुणी घातलं, शुभांगीच्या माहेरचं कुणी घातलं. प्राचीनं बाहुलीचं नाव घालायला लावलं. आप्पांचे वारलेले आईवडील घालताना माझा हात थोडा थांबला, पण घातले. दर वेळी दत्तूआप्पा आशेनं भिंग दाबायचे, नवं नाव वाचायचे आणि मान हलवायचे. हळूहळू त्यांचं दाबणं सावकाश झालं. मला भीती वाटायला लागली. या माणसानं एकदा भिंतीकडं तोंड केलं होतं. आता केलं तर परत इकडं वळवायला माझ्याकडं दुसरं बटण नव्हतं.

तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलून मावशींकडं बोट केलं.

मावशी लगेच उठल्या. "च्या पायजे," म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा आला. दत्तूआप्पांनी कप बाजूला सारला आणि परत त्यांच्याकडं बोट केलं. "पाणी व्हय?" पाणी आलं. परत बोट. त्यांनी औषधाची गोळी आणली. परत बोट. त्यांनी खिडकी उघडली. दत्तूआप्पांनी डावा तळवा टेबलावर आपटला, पाणी सांडलं आणि मावशी फडकं आणायला पुन्हा आत गेल्या.

चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघू नये, नजरेकडं बघावं, हे मी नोकरीत शिकले होते. दत्तूआप्पा चहाकडं बघत नव्हते, पाण्याकडंही नाही. मावशी ज्या दारातून आत गेल्या त्या दाराकडं बघत होते. मी यादीकडं बघितलं. सगळं घर त्यात होतं. म्हैससुद्धा.

मावशी फडकं घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमचं नाव काय हो?"

त्या हसल्या. "माझं? माझं मावशी."

"तसं नाही. खरं नाव."

एवढी वर्षं मी त्यांच्या हातचं जेवत होते. दत्तूआप्पांच्या म्हशीचं नाव मला ठाऊक होतं. यांचं मी कधी विचारलं नव्हतं, आणि तिथं बसलेल्या कुणाच्याच तोंडात ते नव्हतं. दिलीपनं खाली बघितलं. मावशी टेबल पुसत राहिल्या. मग टेबलाकडंच बघत हळू म्हणाल्या, "हौसा. हौसाबाई."

"मग यादी सांगताना सांगितलं का नाही?"

"माझं कशाला सांगू? म्हायारी म्हणायची समदी. हितं कोन म्हणनार? ह्ये 'ऐकलंस का' म्हणायचं, मी 'अवं' म्हणायची. नवऱ्यानं बायकूचं नाव घ्याचं आसतं व्हय? लग्नात घेतलं, त्येवढंच."

ती "ऐकलंस का" ही गल्लीभर ऐकू जाणारी हाक झटक्याबरोबर गेली होती. तिच्या जागी आम्ही सगळ्यांनी मिळून काहीच ठेवलं नव्हतं. बोट केलं तर चहा येत होता.

मी नाव टाइप केलं. दोनदा चुकलं, पुसून परत लिहिलं. मग उठून खुर्ची बाजूला घेतली.

दत्तूआप्पांनी भिंग दाबलं. यादी उघडली. दत्ताला मागं टाकून, चहा-पाणी, दिलीप, प्राची, चंद्री सगळ्यांना मागं टाकून ते खाली खाली गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. मग दाबलं. पडदाभर अक्षरं पडली.

मावशी डोक्यावरचा पदर सारखा करत जवळ आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षराला अक्षर जोडून वाचायच्या. "हौ... सा..." पुढं त्यांनी वाचलं नाही. पदर तोंडाला लावला, आणि त्याच्याआडून आवाज आला.

"अवं, म्याडम बसल्यात, ल्योक-सून बसल्यात, आन् सरळ नाव घेतलासा व्हय माझं?"

दत्तूआप्पांनी चौकोन रिकामा केला, परत भिंग दाबलं आणि परत तेच नाव निवडलं. मग आणखी एकदा. मावशी त्यांच्या पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या. नाव पुन्हा पुन्हा उमटत होतं, आणि त्या काही आणायला उठल्या नाहीत.